पुढाऱ्याच्या कानामागची खुर्ची

रायपूर राजधानी झालं त्या सुमारास मी शंकर नगरातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून चिकटलो. राजधानी झाली म्हणजे नेमकं काय झालं, हे पहिले काही महिने कोणालाच कळलं नव्हतं. रस्ते तेच, गाई त्याच, नाल्याही त्याच. बदल झाला तो पाट्यांमध्ये. कोपऱ्यावरचा पानवाला राजधानी पान भंडार झाला, शेजारचा न्हावी राजधानी हेअर ड्रेसर झाला, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी पंक्चर काढणारा होता, त्यानेही जुन्या टायरवर चुन्याने 'राजधानी' लिहून घेतलं. पाट्या संपल्यावर लोकांची नजर इमारतींवर गेली. राजधानी आहे तर राजधानीसारखं दिसायला नको का? आणि राजधानीसारखं म्हणजे काच, यावर साऱ्या शहराचं एकमत होतं.

ज्या गावात मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं आणि दुपारी कुत्रं नालीतून बाहेर यायला तयार होत नाही, तिथे पश्चिमेकडे तोंड करून चार मजली काचेचं कपाट उभं करायचं, त्यात माणसं भरायची, आणि मग ती शिजू नयेत म्हणून मशिनी लावायच्या. याला तेव्हा विकास म्हणत. अजूनही म्हणतात.

आमचे साहेब या धर्माचे पुजारी होते. गिऱ्हाईक आलं की ते नकाशा दाखवत नसत, 'व्ह्यू' दाखवत. म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेलं रंगीत चित्र. त्यात इमारतीच्या काचेत निळंशार आकाश दिसे, समोर ताडाची झाडं, एक लाल मोटार, आणि हातात खरेदीची पिशवी घेतलेली एक गोरी मडम. ती मडम आमच्या ऑफिसच्या प्रत्येक इमारतीसमोरून जाई. टिकरापारा असो की तेलीबांधा, मडम हजर. तिला घाम आलेला मी कधी पाहिला नाही.

मला मात्र पॉलिटेक्निकमध्ये एका म्हाताऱ्या मास्तरांनी बिघडवून ठेवलं होतं. ते वर्गात टॉर्च आणि आगपेटी घेऊन येत. आगपेटी म्हणजे इमारत, टॉर्च म्हणजे सूर्य. दक्षिणेचा सूर्य सज्जन आहे, म्हणत. तो डोक्यावरून जातो, वर एक छज्जा काढला की काम झालं. पश्चिमेचा बदमाश. तो दुपार कलली की वाकून छज्ज्याच्या खालून आत शिरतो. त्याला अडवायला भिंतीच्या बाहेर उभ्या पट्ट्या लागतात, थोड्या तिरक्या, ओळीने. आणि बाहेर म्हणजे बाहेरच. काचेतून आत आलेलं ऊन हा घरात शिरलेला पाहुणा असतो, मग आतून पडदा ओढा नाही तर काहीही करा, तो जेवल्याशिवाय जात नाही. मास्तर हे इतकं रंगून सांगत की पोरं हसत आणि परीक्षेत नापास होत. मी पास झालो, हीच चूक.

तर नोकरीला लागून तीन महिने झाले असतील, तेव्हा ऑफिसात एका सेठजींची इमारत आली. सेठजींची बीरगांवच्या पुढे तांदळाची मिल होती आणि आता त्यांना शहरात 'कमर्शियल' बांधायचं होतं. खाली शोरूम, वर ऑफिसं. प्लॉटचं तोंड नेमकं पश्चिमेला. साहेबांनी मला पश्चिमेची बाजू काढायला दिली आणि मी मास्तरांना स्मरून तिथे अॅल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या काढल्या. हातभर खोल, काचेपासून जरा सुटवलेल्या, वरपासून खालपर्यंत. रात्रभर झोप आली नाही इतका मी स्वतःवर खूश होतो.

नकाशा दाखवायला आम्ही पुरानी बस्तीत सेठजींच्या घरी गेलो. जुनं घर. पुढे खोल परछी, म्हणजे आपली पडवी. तिच्या कमानींना चिका, म्हणजे बांबूच्या काड्यांचे पडदे, सोडलेल्या, चिकांवर नुकतंच पाणी मारलेलं. बाहेर एप्रिल पेटला होता आणि आत सेठजी अंगावर उपरणं घेऊन बसले होते. मला गंमत वाटली. ज्या माणसाला सावली कशी करतात हे त्याच्या आजोबांनी बांधून दाखवलंय, त्याला समजावायला कितीसा वेळ लागणार?

सेठजींनी नकाशावर बोट ठेवलं. "ये खड़ी-खड़ी पट्टियाँ क्या हैं? जेल बना रहे हो क्या?"

साहेब हसले.

"और बिल्डिंग का नाम कहाँ दिखेगा? इसके पीछे? राजधानी है भाई, कुछ राजधानी जैसा दिखना चाहिए."

"हटा देंगे सेठजी," साहेब म्हणाले. "एकदम क्लीन एलिवेशन."

सेठजींनी मग माझ्याकडे पाहिलं, कारण नकाशाचं दुसरं टोक मी धरलं होतं. चांगलं पाहिलं, घोटभर चहा होईपर्यंत. मास्तरांची टॉर्च, आगपेटी, वाकून येणारा सूर्य, सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. मी तोंड उघडलं ते बशीतली खुरमी, म्हणजे इकडची शंकरपाळी, आत टाकायला. छान झाली होती.

ट्रेसिंग पेपरवरची शाई खोडरबराने जात नाही. दाढीच्या ब्लेडचे दोन तुकडे करायचे आणि अर्ध्या पात्याने ती हलकेच खरवडायची, कागद फाटू न देता. दुसऱ्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी माझ्या पट्ट्या एकेक करून खरवडल्या. हात इतका साफ चालला की साहेबांनी पाठीवर थाप मारली. व्ह्यू तयार झाला, मडम आली, इमारत उभी राहिली आणि छातीवर पितळी अक्षरात नाव लावून झळकू लागली. मी त्या रस्त्याने जाताना दुसरीकडे पाहू लागलो, एवढाच त्यातला माझा पश्चात्ताप.

त्यानंतर काही वर्षांनी माझी मोठी बहीण गोंदियाहून, सासरहून परत आली. दोन सुटकेस आणि एक शिलाई मशीन घेऊन. कारण तिने सांगितलं नाही. मनगटावरचा काळानिळा डाग बांगड्यांनी झाकला होता. तो आईने पाहिला, मी पाहिला, बाबांनी पेपर पाहिला. बाबा रेल्वेतून रिटायर झालेले. प्रत्येक गोष्टीला टाइमटेबल असतं असं मानणारे. ताईने ओळखीपाळखीतून कर्ज देणाऱ्या एका कंपनीत नोकरी मिळवली, तेव्हा बाबांनी जेवताना निकाल दिला.

"सहा महिने कच्ची नोकरी आहे म्हणतेस ना? ठीक. पक्की झाली तर राह्य घरी, मी एक शब्द बोलणार नाही. नाही झाली तर मी सोता तुले गाडीत बसवून देतो. लोक विचारून राहिले बाई."

"हव," ताई म्हणाली. एवढंच. तिला परत जायचं नव्हतं, हे तिच्या त्या एका शब्दात जेवढं होतं तेवढं बाबांच्या सगळ्या भाषणात नव्हतं. मी ताटातल्या भाताकडे पाहत बसलो. वेळ आली की ताटाकडे, बशीकडे, चहाकडे बघण्यात मी पारंगत आहे.

पहिल्या आठवड्यात ती डबा विसरली म्हणून मी तो द्यायला गेलो. पत्ता विचारत विचारत जाऊन उभा राहिलो तर समोर सेठजींची इमारत. तिसरा मजला. आणि पश्चिमेच्या काचेला लागून, गिऱ्हाइकांचे फॉर्म घ्यायचं जे टेबल होतं, ते ताईचं.

अडीच वाजले होते. काचेतून ऊन टेबलावर आलं होतं, फॉर्मवर आलं होतं, ताईच्या अर्ध्या तोंडावर आलं होतं. आत पट्ट्यापट्ट्यांचे पडदे होते. ते ओढले की काच आणि पडदा यांच्यामध्ये गरम हवेचा तंदूर तयार होई आणि त्याची झळ टेबलापर्यंत लागे. तरी मॅनेजरला पडदे ओढलेले आवडत नसत. 'बाहर से दुकान बंद लगती है,' असं त्यांचं म्हणणं. भिंतीवर तीन एसी घरघरत होते, त्यातला एखादा रोज दुपारी बंद पडे, आणि ताईच्या मागे बसणाऱ्या मुलीने स्वेटर घातला होता, कारण थंड हवा सगळी तिच्या मानेवर पडे. एकाच खोलीत एकीला शिजवायचं आणि दुसरीला गोठवायचं, हे साधं काम नाही. त्यासाठी राजधानी लागते.

ताईला लहानपणापासून अर्धशिशी होती. ऊन डोळ्यात गेलं की उजव्या भुवईपासून सुरू व्हायची. आता ती रोज तीनला सुरू होऊ लागली. चारपर्यंत अक्षरं हलायची, पाचपर्यंत ओकारी यायची. ती बाथरूममध्ये जाऊन, तोंड धुऊन, परत येऊन हसून फॉर्म घ्यायची. घरी आल्यावर अंधाऱ्या खोलीत ओला रुमाल डोळ्यावर ठेवून पडायची आणि बाबांची चाहूल लागली की उठून बसायची.

"मॅनेजरले सांग ना जागा बदलून दे म्हणून," मी म्हणालो.

"कच्च्या नोकरीत जागा नाही मागत बावा. कागदावर 'तब्येत ठीक नाही' असं लिवलं की झालं मग. तुले काय समजते त्यातलं?"

मला सगळं समजत होतं, आणि मी ते तिला सांगितलं नाही. जिथे ती जळत होती तिथे एकेकाळी नकाशात पट्ट्या होत्या आणि त्या मी माझ्या हाताने खरवडल्या होत्या, हे बहिणीला कोणत्या तोंडाने सांगायचं? मी गुपचूप डोकेदुखीच्या गोळ्या आणून दिल्या. भाऊ म्हणून आईने माझं कौतुक केलं.

मग फेब्रुवारीत, ऊन चढायला लागलं तेव्हाच, एक चमत्कार झाला. एक दिवस ताई घरी आली ती गुणगुणत आली.

"आज डोकं नाही दुखलं रे."

"काहून?"

"काय मालूम. दुपारी मस्त गार वाटून राहिलं होतं. एसी पण बंद नाही पडला."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बघायला गेलो. इमारतीचं नाव गायब होतं. त्याच्यावर, चौथ्या मजल्यापासून पहिल्यापर्यंत, एका पुढाऱ्याचा वाढदिवस लटकत होता. जाड, मागून काळा असलेला फ्लेक्स, बांबूच्या चौकटीवर ताणलेला, काचेपासून हातभर बाहेर. पुढारी हात जोडून हसत होते. खाली तीसेक कार्यकर्त्यांची पासपोर्ट मुंडकी. मी रस्त्यावर उभा राहून हिशेब लावला: तिसरा मजला, डावीकडून दुसरी काच. ताई पुढाऱ्याच्या उजव्या कानामागे बसली होती.

मला हसू आलं आणि मग शरम वाटली. मास्तरांनी वर्गात घसा कोरडा करून जे सांगितलं, मी ज्याच्यासाठी रात्रभर जागलो, ते काम एका माणसाच्या गालाने केलं होतं. बाहेरची सावली, काचेपासून सुटलेली, मधून हवा खेळती. पुस्तकाबरहुकूम. आणि सेठजींना नाव झाकलं जाईल म्हणून माझ्या पट्ट्या नको होत्या, आता त्यांचं पितळी नाव पुढाऱ्याच्या मिशीखाली गुदमरलं होतं आणि सेठजी खाली उभे राहून लोकांना सांगत होते, "अपने ही आदमी हैं, मना कैसे करें."

पुढचे दिवस सुखाचे गेले. आमच्या शहरात पुढाऱ्यांना तोटा नाही. वाढदिवस उतरला की नगरागमन चढे, नगरागमन उतरलं की मंडळात नियुक्ती. तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांना राजकारणात कधी नव्हे तो रस आला. कोणाचा वाढदिवस कधी, कोणाला पद मिळणार, कोण पक्ष बदलणार, याची यादी ताईच्या ड्रॉवरमध्ये असे. पक्षाचं कोणाला काही नव्हतं. चेहरा रुंद असला की झालं. एक पुढारी अंगाने बारीक होते आणि त्यांच्या फ्लेक्सच्या दोन्ही बाजूंना काच उघडी राहिली, तेव्हा स्वेटरवालीही त्यांच्यावर चिडली.

"दीदी, इनको टिकट मत मिले भगवान करे," ती ताईला म्हणाली. ती मुलगी आमच्याच नागपूरकडची, मराठी सगळं समजायचं, उत्तर हिंदीत द्यायची.

ताईचा चेहरा भरला. ती तीन वाजता चहा प्यायला लागली. नोकरी पक्की व्हायला दोन महिने उरले होते आणि आमच्या घरात कोणी बोलत नसलं तरी सगळे ते मोजत होते.

आणि मग निवडणूक लागली. आचारसंहिता.

लोकशाहीवर माझी श्रद्धा आहे, पण त्या संध्याकाळी ती डळमळली. पालिकेची गाडी आली, शिडी लावली, दोघे वर चढले, आणि तासाभरात शहरातले सगळे हसरे चेहरे सुरळी होऊन ट्रकमध्ये पडले. सेठजींच्या इमारतीवरचे पुढारी कानाला धरून खाली ओढले गेले. दुसऱ्या दिवशी एप्रिलचं ऊन सरळ आत आलं आणि ताईच्या टेबलावर बसलं.

पहिल्या आठवड्यात ती दोनदा अर्ध्या दिवसात घरी आली. दुसऱ्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या फॉर्मवर तिने दुसऱ्याच माणसाचं नाव लिहिलं. मॅनेजरने तिला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "कोई प्रॉब्लम है क्या घर पे?" ती नाही म्हणाली. त्या रात्री जेवणं झाल्यावर बाबांनी कपाटातून रेल्वेचं टाइमटेबल काढलं आणि चष्मा लावून गोंदियाकडच्या गाड्या बघत बसले. ताई समोर बसून भाजी निवडत होती. तिने भाजीत एकही काडी राहू दिली नाही. बाबांच्या हातातलं ते पुस्तक घेऊन मला चुलीत घालावंसं वाटलं.

मी काय केलं असतं? सेठजींकडे जाऊन, सेठजी, चूक झाली, आता पट्ट्या लावा, असं म्हणायला जी गोष्ट लागते ती माझ्याजवळ तेव्हाही नव्हती. पण आडमार्गाने जायचं म्हटलं की आम्हा घाबरटांचं डोकं फार चालतं. मी फ्लेक्सच्या दुकानात गेलो. निवडणुकीने धंदा बसलेला, दुकानदार माश्या मारत होता.

"भैया, अभी कौन छपवाता है? अफसर लोग पकड़ेंगे."

"नेता नहीं छापना है," मी म्हणालो. "मतदान छापना है."

मग मी सेठजींच्या मुनीमजींना गाठलं आणि हळूच कानात सोडलं की या रस्त्याने मोठमोठे निवडणूक अधिकारी रोज जातात. अशा वेळी एखाद्या व्यापाऱ्याने आपल्या इमारतीवर मतदारांना आवाहन लावलं तर ते लक्षात राहतं. पुढचं मला करावं लागलं नाही. सेठजींनी स्वतःच्या पैशाने एवढा मोठा फ्लेक्स बनवला की दुकानदाराला तीन तुकडे जोडावे लागले. मजकूर मी दिला: 'मतदान अवश्य करें'. चित्रही मी दिलं: शाई लावलेलं एक बोट, तीन मजले उंच. आणि खाली, पितळी नावाइतक्याच मोठ्या अक्षरात, सेठजींचं नाव, 'निवेदक', म्हणजे आवाहन करणारे, म्हणून. बांधताना मी स्वतः उभा होतो. जाड कापड, मागून काळं, काचेपासून हातभर बाहेर. बांबू बांधणाऱ्याने विचारलं, "अतका दूरिहा काबर, भैया?" मी म्हटलं, लांब असलं की हवा खेळते.

बोटाला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. पालिकेची गाडी आली, खाली थांबली, वर पाहिलं आणि निघून गेली. एका अधिकाऱ्याने म्हणे सेठजींचे आभारही मानले. ताई आता नखाच्या मागे बसत होती, जिथे शाईचा ठिपका सगळ्यात गडद होता.

"कोणाचं डोकं रे हे?" तिने मला विचारलं.

"कोणाचं तरी असंल," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघून हसली, आणि बऱ्याच दिवसांनी मला ते हसू सरळ घेता आलं.

मतदानाच्या आदल्या आठवड्यात संध्याकाळी अंधड उठलं. आमच्याकडे ऊन फार झालं की धूळ घेऊन असा वारा येतो. फ्लेक्सचा एक कोपरा सुटला आणि फाडफाड काचेवर आपटू लागला. मी सायकल दामटत पोचलो तोवर ताईने बाथरूमच्या वरच्या झरोक्यातून अर्धं अंग बाहेर काढून, फायली बांधायच्या दोरीने, कोपरा पाइपाला घट्ट बांधून टाकला होता. केस धुळीने पांढरे. मॅनेजर खालून ओरडत होता, "मैडम, गिर जाओगी!" ती पडली नाही.

मतदान झालं. मोजणी व्हायची होती, आणि मोजणीपर्यंत बोट उतरवायचा हुकूम कोणी दिला नाही म्हणून ते लटकत राहिलं. मेच्या मध्यावर, शाईच्या ठिपक्यामागे बसलेल्या माझ्या बहिणीला नोकरी पक्की झाल्याचं पत्र मिळालं. बाबांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि टाइमटेबल शेजारी ठेवलं होतं ते कपाटात आत, खूप आत, सारून दिलं. आईने शिरा केला. मी तीनदा घेतला.

तेवढ्यात निकाल लागला, बोट उतरलं, आणि तिसऱ्या मजल्याचे एसी पुन्हा दुपारी तीनला आचके देऊ लागले. चौथ्या मजल्यावरच्यांनी भांडण काढलं. तेव्हा सेठजींनी सगळ्या किरायेदारांची बैठक बोलावली, खालच्या शोरूममध्ये. ऑफिसातर्फे साहेबांनी मला पाठवलं, हातात टेप देऊन. कोणी विचारलं तर मापं घेतोय असं दाखव, म्हणाले. ताई आपल्या मॅनेजरसोबत आली होती, बोलणं लिहून घ्यायला.

सेठजींनी सांगितलं की मोठी मशीन लावू, मोठा ट्रान्सफॉर्मर आणू, भाडं थोडं वाढेल. मॅनेजर लोकांनी माना डोलावल्या. कोणीतरी म्हणालं, राजधानी आहे, होणारच. बैठक संपल्यातच जमा होती.

"सेठजी," ताई म्हणाली. ती उभी राहिली होती. "मशीन मत बदलिए. बाहर छाया कर दीजिए."

तिचा मॅनेजर तिच्याकडे बघतच राहिला.

"जब तक बाहर फ्लेक्स टंगा था, एक दिन भी एसी बंद नहीं हुआ. मेरे पास सब लिखा हुआ है. जिस दिन उतरा, उसी दिन से बंद होना चालू. काँच के बाहर कुछ लगवा दीजिए. कुछ भी. धूप अंदर आने के बाद मशीन क्या करेगी?"

मास्तर तिला कधी भेटले नव्हते. फॉर्म भरता भरता, डोकं धरून, ती सगळं स्वतःच शिकली होती. माझ्या डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

सेठजींनी मान वळवून मला शोधलं. "क्यों भैया? तुम तो नक्शे वाले हो. ऐसा होता है?"

"होता है, सेठजी."

"तो पहले क्यों नहीं बनाया?"

"बनाया था. पट्टियाँ थीं... आपने हटाने को बोला था."

सेठजी रागावले नाहीत. ते खरंच चकित झाल्यासारखे दिसले. "मैंने बोला होगा. मैं तो चावल वाला आदमी हूँ, मैं तो सब कुछ हटाने बोलता हूँ. मेरी मिल का मिस्त्री तो लड़ जाता है मुझसे. तुम लोगों में से कोई एक बार बोला क्या, कि सेठजी, आदमी भुन जाएगा?"

ते खरं बोलत होते की सगळ्यांसमोर आपली बाजू धुऊन घेत होते, मला आजही माहीत नाही. कधी कळणारही नाही. त्या दिवशी परछीत मी बोललो असतो तरच ते कळलं असतं.

बैठक उठली. जिन्यात ताई माझ्यापुढे दोन पायऱ्यांवर होती. ती थांबली, मागे वळली.

"त्या पट्ट्या तू काढल्या होत्या?"

"हो."

"आन् पुसल्या कोनं?"

"मीच."

"तवा काहून नाही बोलला?"

ती रागात नव्हती. रागात असती तर सोपं गेलं असतं. मी टेप उघडली, बंद केली. मग जे खरं होतं तेच सांगितलं.

"नवीन नोकरी होती ताई. तीन महिन्यांची."

ताईने पदर खोचला आणि वरची पायरी चढली.

"माही पक्की नोकरी आठ दिवसांची आहे," ती म्हणाली.